हेलिकॉप्टरने आलेला मासा पायी जाऊन कसा गरवायचा

न्यू हॅम्पशायरच्या व्हाइट माउंटन्समध्ये दर जूनमध्ये एक हेलिकॉप्टर डोंगरातल्या तळ्यांवरून फिरतं. त्याला जोडलेल्या टाक्यांत ब्रुक ट्राउटची बोटुकली असतात, इंच-दोन इंचांची. तळ्यावर येऊन ते खाली उतरतं, टाकीचं तोंड उघडतं आणि पिल्लं पाण्यात पडतात. एवढ्याशा जिवाला वजनच नसल्यामुळे पडण्याचा मार फारसा बसत नाही. राज्याचं मत्स्य व वन्यजीव खातं अशी चाळीस-पन्नास तळी दरवर्षी भरतं. आपल्याकडे गावतळ्यात रोहू-कटल्याचं बीज सोडतात त्यातलाच हा प्रकार, फक्त या तळ्यांपर्यंत टँकर जाईल असा रस्ता नाही.

बॉस्टनच्या आसपास राहणाऱ्या बहुतेक मराठी घरांनी कँकमॅगस हायवे पाहिलेला असतो तो ऑक्टोबरात, पानं रंगतात तेव्हा, गाडीच्या काचेतून. त्याच रस्त्याच्या आसपासच्या डोंगरांत तास-दीड तास चाललं की ही तळी लागतात. मी कोकणातला, खाडीवर गरवत मोठा झालो. इथे आल्यावर पहिली दोन वर्षं रिकाम्या हाताने परतलो, कारण सगळं लक्ष गळाकडे होतं. ही मासेमारी निम्मी घरीच, टेबलावर नकाशा पसरून होते. म्हणून हा लेख तिथूनच सुरू करतो.

आधी मासा समजून घ्या

नाव ट्राउट असलं तरी ब्रुक ट्राउट हा ‘चार’ (char) नावाच्या माशांच्या गटातला आहे. ओळख सोपी: अंग गडद आणि त्यावर फिकट ठिपके, मधूनमधून निळ्या कड्यातले लाल ठिपके, पाठीवर किड्यांनी कुरतडल्यासारखी नक्षी आणि पोटाकडच्या परांना पांढरीशुभ्र किनार. ती किनार दिसली की शंका नको. हा न्यू हॅम्पशायरचा गोड्या पाण्यातला राज्यमासा आहे.

त्याच्याबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ती ही, की त्याला गार पाणी लागतं. पाणी ११ ते १६ अंश सेल्सिअस असेल तर तो खातो, पळतो, गळाला लागतो. २० अंशांच्या वर तो सुस्तावतो आणि २४-२५ अंशांना त्याच्या जिवावर बेततं. पुढचा जवळजवळ प्रत्येक सल्ला या आकड्यांतून निघालेला आहे.

मग डोंगरातल्या गार तळ्यात मासा आपोआप का वाढत नाही, बीज का सोडावं लागतं? अंडी घालायला त्याला अशी वाळू-खडी लागते जिच्यातून झऱ्याचं पाणी वर येतं. ती पुष्कळ तळ्यांत नसते. दुसरं कारण आम्लवर्षा. याच डोंगरांतल्या हबर्ड ब्रुक या प्रायोगिक जंगलात १९६३पासून पावसाचे नमुने गोळा केले गेले आणि उत्तर अमेरिकेतली आम्लवर्षा प्रथम तिथेच नोंदली गेली. उंचावरच्या तळ्यांभोवती ग्रॅनाइट आणि पातळ माती, आम्ल शोषून घेईल असं काहीच नाही. त्यामुळे पाणीच आम्ल होतं आणि मासा टिकत नाही. १९९०च्या स्वच्छ हवा कायद्यातल्या दुरुस्त्यांनंतर स्थिती सुधारली, पण बीज सोडणं चालू आहे.

बोटुकली सोडतात म्हणजे या वर्षी सोडलेला मासा या वर्षी तुमचा नाही. दुसऱ्या मोसमात तो पाच-सात इंच होतो, तिसऱ्यात आठ-दहा. बारा इंचांचा लागला तर फोटो काढा. सुरमईच्या हिशेबाने कुणी येणार असेल तर त्याला घरीच ठेवा.

तळं निवडणं

बीज सोडलेल्या तळ्यांची यादी खात्याच्या संकेतस्थळावर असते. ती त्याच वर्षीची आणि आधीच्या दोन वर्षांची पाहा, कारण तुम्ही पकडणार तो मासा दोन वर्षांपूर्वीचा. मधलं एखादं वर्ष गाळलेलं दिसलं तर त्या वयाचा मासा तळ्यात कमी, असं समजायचं.

यादीतून चार-पाच तळी काढली की प्रत्येकाची खोली पाहा. बऱ्याच तळ्यांचे खोलीचे नकाशे मिळतात. उथळ तळं लवकर तापतं, म्हणून मे-जूनमध्ये आणि पुन्हा सप्टेंबरात चांगलं. खोल तळं जुलैतही चालतं. लोक नेमकं उलट करतात: मेमध्ये खोल तळ्यावर जातात आणि ऑगस्टमध्ये उथळ तळ्यावर, कारण तिथे पोहायला छान असतं.

सुरुवातीसाठी माझी चार नावं:

लोनसम लेक, फ्रँकोनिया नॉच या खिंडीत. लाफायेट प्लेस कँपग्राउंडपासून सव्वा-दीड मैल (दोन-अडीच किलोमीटर) आणि सुमारे १,००० फूट चढ. वर अपलाचियन माउंटन क्लबची मुक्कामाची झोपडी आहे, त्यामुळे मुलांना घेऊन जाता येतं. तळं उथळ आहे, गर्दी असते, मासा लहान असतो. पण समोर फ्रँकोनियाची धार दिसते आणि पहिल्या खेपेला एवढं पुरे.

ब्लॅक पाँड, लिंकन वुड्समधून. एका बाजूने ३.४ मैल, म्हणजे साडेपाच किलोमीटर, पण त्यातले पहिले २.६ मैल लाकूडतोडीच्या जुन्या रेल्वेच्या सपाट मार्गावरून. रुळांच्या फळ्या अजून कुठे कुठे पायाखाली येतात. गुडघे कुरकुरत असतील तर हेच तळं.

ईस्ट पाँड, ट्रिपोली रोडवरून दीड मैलाच्या आत. ट्रिपोली म्हणजे डायटमची पांढरी माती. पूर्वी ती या तळ्याच्या तळातून उपसून पॉलिशसाठी नेत, त्या गिरणीवरून रस्त्याचं नाव पडलं. रस्ता हिवाळ्यात बंद असतो, वसंतात कधी उघडला ते विचारून निघा.

सॉयर पाँड, सॉयर रिव्हर रोडवरून दीड मैल. चाल सोपी, तळं मोठं आणि खोल, शेजारी निवारा आणि तंबूंसाठी लाकडी चौथरे. मुक्काम करून संध्याकाळ आणि पहाट दोन्ही साधायची असेल तर मी इथे जातो. हाही रस्ता हिवाळ्यात फाटक लावून बंद करतात.

केव्हा जायचं

ट्राउटसाठी राखलेल्या तळ्यांचा मोसम एप्रिलच्या चौथ्या शनिवारी सुरू होतो आणि १५ ऑक्टोबरला संपतो. पण एप्रिलच्या त्या शनिवारी उंचावरच्या तळ्यांवर बहुधा बर्फच असतो. तो फुटतो एप्रिलच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंत. बर्फ गेल्यानंतरचे दोन-तीन आठवडे सर्वांत चांगले: पाणी सगळीकडे गार, मासा काठाशी, भुकेला.

अडचण अशी की याच दिवसांत वाटेवर ‘मोनोरेल’ असते. हिवाळाभर माणसं चालून चालून मधोमध दाबलेल्या बर्फाची अरुंद कडक पट्टी उरते. तिच्यावरून पाय घसरला की बाजूच्या मऊ बर्फात मांडीपर्यंत रुतायचं. बुटांना अडकवायचे छोटे काटे, ज्यांना इथे मायक्रोस्पाइक्स म्हणतात, मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पिशवीत ठेवा.

आणि मग काळ्या माश्या. आपल्याकडची चिलटं बरी म्हणावी अशा. इथले लोक सांगतात, ‘मदर्स डे’पासून ‘फादर्स डे’पर्यंत, म्हणजे मेच्या दुसऱ्या रविवारपासून जूनच्या तिसऱ्या रविवारपर्यंत. त्या कानामागे, केसांच्या कडेला चावतात आणि रक्त आल्यावरच कळतं. डोक्यावरून घ्यायची जाळी तीन-चार औंसांचीही नसते. ती नसेल तर मेअखेरीस तळ्याकाठी अर्धा तासही उभं राहवणार नाही, हे मी अनुभवाने सांगतो. फिकट रंगाचे कपडे घाला, गडद निळ्यावर त्या तुटून पडतात. गोचिडींसाठी पँटचे पाय मोज्यांत खोचा आणि घरी आल्यावर अंग तपासा.

जूनचा उत्तरार्ध बरा. जुलै-ऑगस्टमध्ये फक्त खोल तळी, तीही पहाटे. सप्टेंबर माझा आवडता: माश्या नाहीत, पाणी गार होतंय, आणि विणीपूर्वीचा नर पोटाशी केशरी-लाल होतो.

कागदपत्रं आणि नियम

सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला न्यू हॅम्पशायरचा मासेमारी परवाना लागतो. मॅसॅच्युसेट्सचा चालत नाही. दरवर्षी कुणीतरी हा घोळ घालतं. एक, तीन किंवा सात दिवसांचा परवाना ऑनलाइन मिळतो. ट्राउट तळ्यांवर दिवसाला पाच मासे किंवा पाच पौंड, जे आधी भरेल ते. काही तळ्यांवर फक्त माशीगळ, म्हणजे पिसं-दोरा बांधून किड्यासारखा केलेला गळ, चालतो, उदाहरणार्थ रस्त्यालगतचं प्रोफाइल लेक. म्हणून निघण्याआधी त्या तळ्याचं नाव त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत शोधाच.

शिशाबद्दल सावध राहा. एक औंस किंवा त्याहून हलकी शिशाची वजनं आणि जिग (शिशाचं डोकं असलेले गळ) गोड्या पाण्यात वापरायला बंदी आहे, कारण लून पक्षी ती गिळून मरतात. भारतातून आणलेली गळाची डबी असेल तर त्यातलं शिसं काढून ठेवा आणि कथलाची वजनं घ्या. आमिष म्हणून जिवंत मासे नेऊ नका. डबीतून सुटलेली एक परकी जात अख्खं तळं बिघडवते.

गाडी लावायला राष्ट्रीय वनाच्या बऱ्याच वाहनतळांवर दिवसाचा पास लागतो. तळ्याला खेटून वाटेल तिथे तंबू टाकता येत नाही, ठरलेल्या जागीच. पेमिजवासेट वाइल्डरनेस या राखीव रानाच्या हद्दीत शिरणार असाल तर एका गटात दहापेक्षा जास्त माणसं नकोत. मंडळाची पंचवीस जणांची सहल तिकडे नेऊ नका. तसंही पंचवीस जणांच्या गप्पांत मासा कुठला लागायला.

‘हाइक सेफ’ कार्ड घ्या: एकट्याला २५ डॉलर, कुटुंबाला ३५, वर्षभरासाठी. या राज्यात हलगर्जीपणामुळे सुटका करावी लागली तर तिचा खर्च तुमच्याकडून वसूल होऊ शकतो. कार्ड असेल तर तो भार टळतो, आणि पैसे बचाव पथकांच्या कामी येतात. मात्र बेदरकारपणा केलात तर कार्डही वाचवत नाही.

काय न्यायचं

गळाचं सामान पाव पिशवीत मावलं पाहिजे, उरलेली पिशवी चालण्यासाठी. चार तुकड्यांत मोडणारी पाच-साडेपाच फुटी हलकी काठी, लहान स्पिनिंग रीळ, चार पौंडी तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा. एक अष्टमांश औंसाचे दोन-तीन चमचे, म्हणजे चमच्यासारखे चकाकणारे धातूचे गळ, सोनेरी आणि चंदेरी. तेवढेच छोटे फिरकी गळ. एक पारदर्शक पाणीभरा फुगा, म्हणजे कास्टिंग बबल, आणि पाच-सहा माशीगळ: वूली बगर काळा आणि हिरवट, हॉर्नबर्ग, फेझंट टेल. लांब चिमटा. दोरीला बांधलेला थर्मामीटर. ऐनवेळी कामाला येणारी गांडुळांची डबीही घ्या. शुद्ध माशीगळवाले नाक मुरडतील, पण मुलं सोबत असतील तर गांडूळच खरं.

माशीगळाची लांब काठी मी सहसा नेत नाही. या तळ्यांना काठ असा नसतोच: स्प्रूस आणि फरची झाडं पाण्यापर्यंत आलेली, मागे दोरी फेकायला जागा नाही. फुगा हा त्यावरचा उपाय. त्यात अर्धं पाणी भरायचं, पुढे पाच फूट तंगूस आणि टोकाला माशीगळ. वजन फुग्याचं, काम माशीचं.

चौथ्या-पाचव्या खेपेनंतर तुम्हाला बसून तरंगायची फ्लोट ट्यूब घ्यावीशी वाटेल. चिखलाळ काठामुळे तळ्याचा मोठा भाग जमिनीवरून हाती लागत नाही, ट्यूबमधून तो लागतो. पण तिचं ओझं सहा ते नऊ पौंड, वर पायातले फिन्स, आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय त्या थंड पाण्यात उतरायचं नाही. आधी काठावरून शिका.

बाकी सामान सह्याद्रीच्या सवयीने भरू नका. सुती टी-शर्ट इथे नको: भिजला की सुकत नाही, आणि जूनमधल्या दहा अंशांच्या पावसात अंगातली ऊब ओढून घेतो. लोकर किंवा सिंथेटिक, त्यावर पावसाळी जाकीट, एक कोरडा थर पिशवीत. याच डोंगररांगेत माउंट वॉशिंग्टनवर १२ एप्रिल १९३४ रोजी ताशी २३१ मैलांचा वारा मोजला गेला होता. तुम्ही त्या शिखरावर जाणार नाही, पण हवा तीच. पाणी गाळून घ्या, झरा कितीही नितळ दिसला तरी त्यात जिआर्डिया हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. कागदी नकाशा घ्या, फोनला रेंज नसते. हेडलँप प्रत्येकाचा वेगळा.

वाट आणि वेळ

इथला जुना हिशेब असा: दर मैलाला अर्धा तास, आणि दर हजार फूट चढाला आणखी अर्धा तास. लोनसम लेकसाठी सव्वा तास झाला. सह्याद्रीत फिरलेल्यांना दीड मैल म्हणजे काहीच नाही वाटतं. पण इथल्या वाटा नागमोडी नसतात, ओढ्यासारख्या सरळ वर चढतात, मोठमोठ्या गुळगुळीत दगडांतून आणि ओल्या मुळांतून. उतरताना वेळ वाचत नाही.

खरी फसगत निराळी असते. मासा सर्वांत जास्त खातो तो सूर्य डोंगराआड गेल्यानंतरच्या तासात, म्हणजे नेमका तुम्ही परत निघायच्या वेळी. ‘आता एकच टाक’ करत अंधार होतो. म्हणून घरून निघतानाच ठरवा: एकतर रात्रीच निघून सूर्योदयाला तळ्यावर, नाहीतर अंधारात उतरायचंच आहे असं गृहीत धरून. दुसरा बेत असेल तर दुपारी चढताना वाट नीट बघून ठेवा, वळणं आणि ओढ्याचे ओलांड मनात नोंदवत. परतीची वेळ घरी कुणाला तरी सांगा.

तळ्यावर पोहोचल्यावर

लगेच गळ टाकू नका. पिशवी उतरवा, थर्मामीटर सोडा आणि दहा मिनिटं पाणी बघा.

वरचं पाणी १६ अंशांखाली असेल तर मासा कुठेही असू शकतो आणि बहुधा काठाजवळच असतो. अशा वेळी पाण्यात पाय घालणं हीच मोठी चूक, कारण तो तुमच्या पायाशीच फिरत असतो. काठापासून दहा फूट मागे उभं राहून पहिले टाक किनाऱ्याला समांतर टाका.

पाणी १८-१९ असेल तर ओढा जिथे तळ्यात शिरतो तिथे जा, किंवा जिथे पाण्याचा रंग तपकिरीवरून काळपट होतो त्या रेषेवर. ती रेषा म्हणजे तळ एकदम खाली जातो ती जागा. चमचा टाकून तंगूस सैल सोडा आणि मनात आकडे मोजा. लहान चमचा सेकंदाला साधारण फूटभर बुडतो. पाच मोजून ओढा, पुढच्या टाकाला आठ, मग बारा. ज्या आकड्याला मासा लागला तो आकडा पकडून ठेवा. गळाला काळा गाळ आला तर तळ लागला, दोन आकडे कमी करा.

आणि पाणी २० अंशांच्या वर असेल तर? पकडून सोडण्याचा खेळ त्या दिवशी नको. तापलेल्या पाण्यात दमवलेला मासा सोडल्यावर पोहत जातो आणि तासाभराने मरतो. पोहा, जेवा, परत या.

नदीत मासा एका जागी प्रवाहाच्या वरच्या बाजूला तोंड करून उभा असतो, प्रवाह त्याचा घास आणून देतो. तळ्यात प्रवाह नाही, म्हणून त्याला फिरावं लागतं. संध्याकाळी पाण्यावर वर्तुळं उठू लागली की नवखा माणूस वर्तुळाच्या मध्यावर गळ टाकतो. तोवर मासा पुढे गेलेला असतो. दोन-तीन वर्तुळं ओळीने बघा, दिशा कळेल, आणि पुढच्या वर्तुळाच्या जागी गळ आधीच नेऊन ठेवा. फुगा पडल्याचा आवाज विरेपर्यंत थांबा, मग अगदी सावकाश ओढा, चार इंच, थांबा, चार इंच.

जूनच्या अखेरीस काही तळ्यांवर हेक्साजेनिया नावाची मोठी पिवळसर मेफ्लाय (पाण्यात वाढणारा एक उडता किडा) संध्याकाळी बाहेर पडते. तेव्हा एरवी खोलात लपणारा मोठा मासाही वर येतो. एरवी त्याचा खुराक चतुराच्या पाण्यातल्या अळ्या आणि जळवा, म्हणून काळा-हिरवट वूली बगर जवळजवळ नेहमी चालतो. वीस मिनिटं काही लागलं नाही तर गळ बदलण्याआधी जागा बदला.

सोडणं, ठेवणं, खाणं

सोडायचा असेल तर गळाचे उलटे काटे चिमट्याने आधीच दाबून टाका, हात ओले करा, मासा पाण्यातच धरून गळ काढा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर जातो आणि तिथे बुरशी धरते.

ठेवायचा असेल तर संकोच नको. हा मासा पकडून खाण्यासाठीच सोडलेला असतो. डोक्यावर एक जोरदार फटका, लगेच कल्ले आणि आतडी काढणं, ओल्या फडक्यात गुंडाळणं. आतडी काठावर टाकू नका, दोन पिशव्यांत बांधून परत न्या. अस्वलाला एकदा तो वास आवडला की पुढच्या मुक्कामी माणसाची झोप गेली. मुक्काम असेल तर शिधाही अस्वलरोधक डब्यात, तंबूपासून लांब.

साफ करताना पोट उघडून बघा. आत काय आहे, चतुराच्या अळ्या, मुंग्या की गोगलगायी, ते पाहिलं की पुढचा गळ कोणता लावायचा ते कळतं. मी ते वहीत लिहितो, तारीख आणि पाण्याच्या तापमानासकट.

या राज्यात गोड्या पाण्यातल्या माशांसाठी पाऱ्याबद्दलच्या सूचना आहेत. गरोदर बायका आणि लहान मुलांनी महिन्याला किती खावा याची मर्यादा त्यात दिलेली असते, ती पाहून घ्या. बाकीच्यांसाठी कृती लहान आहे. खवले इतके बारीक की काढावे लागत नाहीत. मीठ, हळद, लाल तिखट, आमसुलाचा आगळ लावून वीस मिनिटं ठेवायचा, तांदळाचं पीठ आणि रवा मिसळून त्यात घोळवायचा आणि अख्खाच तव्यावर टाकायचा. गोड्या पाण्यातल्या माशाला मातीचा वास येतो म्हणून नाक मुरडणारी माझी आई पहिल्या खेपेला शेपटीही चावून खात होती. तिरफळ घालू नका. बांगड्याला ते शोभतं, या नाजूक मांसावर भारी होतं.